विळीवर कापलेलं पाकीट

सासूबाईंच्या हाताला कात्री कधी बसलीच नाही. माहेर घोडबंदरचं, त्यामुळे मासळी, भाजी, शेंगा सगळं विळीवर. पुढे दुधाची पिशवी आणि कुरियरचं पाकीटही विळीवरच आलं. झपाट्यानं काम होतं, म्हणून मीही कधी बोलले नाही.

त्या आठवड्यात आम्ही दाराला बिनवायरची बेल आणली होती. तिच्यावर कडक, पारदर्शक प्लास्टिकचं कवच, चारही बाजूंनी चिकटवलेलं. सकाळी मी नखांनी, दातांनी, शेवटी सुरीनं खटपट केली. जेमतेम एक कोपरा वाकला. संध्याकाळी नवरा बघेल म्हणून ते पाकीट ओट्यावर ठेवून दिलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

"अगं, जरा फडका आण," स्वयंपाकघरातून हाक आली. आवाज नेहमीचाच होता.

सासूबाई विळीवर बसलेल्या. डावा हात पदरात गुंडाळलेला आणि पदर लाल. पाकीट अर्धं कापलं गेलं होतं. जोर लावून ओढताना कापलेली प्लास्टिकची कडच तळव्यात घुसली होती.

"काय न्हाय झालं. जरासं लागलंय."

दुसऱ्या कुणाला लागलं असतं तर मलाही जरासंच वाटलं असतं. पण त्यांच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना रोज घ्यावी लागते. कापणं-पडणं सांभाळा, रक्त लवकर थांबणार नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

मी नॅपकिन घट्ट बांधला. थोड्या वेळानं उचलून पाहिला, रक्त चालूच. दुसरा बांधला, पुन्हा पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या गुजराती बेन वाटीत हळद घेऊन आल्या.

"दीदी, हल्दी भर दो. अभी बंद हो जाएगा."

आम्ही मूठभर हळद भरली. ती रक्ताबरोबर मनगटावरून खाली वाहिली.

"लोणचं घालतीस काय माझ्या हाताचं?" सासूबाई म्हणाल्या. बेन हसल्या. मला हसू आलं नाही. रक्त थांबत नव्हतं.

"आई, आजची गोळी घेतलीत?"

"दोन घेतल्या."

"दोन?"

"कालची राहिली व्हती. म्हटलं भरून काढू."

बेननी रिक्षा बोलावली. मोठ्या हॉस्पिटलच्या वाटेवर, काशीमीऱ्याच्या बाजूला, ट्रक अडकले होते, म्हणून रिक्षावाल्याला जवळच्याच छोट्या हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. रिक्षात मी पुन्हा नॅपकिन उचलला, पुन्हा बांधला. सासूबाईंचे ओठ पांढरे दिसत होते. मी काहीबाही विचारत राहिले, भाजी कोणती करायची, दूध तापवलं होतं का. आधी त्या "हां" म्हणत होत्या, मग तेही थांबलं.

तपासायला आलेली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं हळद धुतली, दोन गोळ्यांचं ऐकून लगेच रक्त तपासायला पाठवलं आणि मला विचारलं, "किती वेळा उघडून बघितलंत?"

"सारखंच. बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"रक्त जरा गोठायला लागतं आणि तुम्ही उचलता, की परत सुटतं. आता दाबून धरा. मी सांगेपर्यंत बघायचं नाही."

ती टाक्यांची तयारी करायला गेली. घरी निदान डोळ्यांना दिसत तरी होतं. आता माझ्या दोन्ही तळव्यांखाली जाड कापूस होता आणि त्याच्या आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. ऊब लागली की वाटायचं, रक्तच. सासूबाईंचे डोळे मिटलेले. मी त्यांच्या छातीकडे पाहत राहिले. वर-खाली होत होती. होत होती ना? मधेच वाटायचं, नाही. हात उचलावासा इतका वाटत होता की मी ओठ चावून धरला.

डॉक्टरनं येऊन कापूस काढला, वाकून बघितलं. "थांबलंय," ती म्हणाली. टाके पडले, पट्टी बांधली. रिपोर्ट येईपर्यंत पुढची गोळी द्यायची नाही, तोवर इथेच बसायचं. आणि अजून थोडा वेळ वरून दाबून ठेवा म्हणाली. मी दाबलं.

बऱ्याच वेळानं ती परत आली. "सोडा आता."

मी ऐकलं, पण माझी बोटं सुटेनात.

"सोड गं," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "त्यांनी शिवलाय हात, तू मोडशील."

मी एकेक बोट उचललं. पट्टी पांढरी होती. तरी रिपोर्ट येईपर्यंत मी तिच्यावरची नजर हलवली नाही.