बोकडानं अंग झाडलं न्हाई

बंकट भाऊजी म्हंजे माझे धाकटे दीर. मांजरसुंब्याच्या माळावर सगळा जन्म शेळ्या राखण्यात गेला. गावात कुणीबी म्हसोबाला बोकडाचा नवस बोलला, की त्या बोकडावर पाणी ओतायला यांनाच बोलावणं. पाणी पडल्यावर बोकडानं अंग झाडलं, की देवाचा होकार. मग सुरी. आपल्या हाताला देव कधी न्हाई म्हणत न्हाई, याचा भाऊजींना लई ताठा.

माझा लेक अंगद परळीला कॉलेजात शिकवतो. कुण्या तत्त्ववेत्त्याचं बुक घेऊन बसायचा अन् भाऊजींना सांगायचा, "नाना, जाणीव वरून कुणी टाकलेली न्हाई. किड्यात जराशी, शेळीत जास्त, माणसात आणखी, अशी वाढत आलीय. देवबी वेगळा कुठं बसलेला न्हाई. या सगळ्यातून तोच जागा होतोय."

"मग माझ्या शेळ्या घाल की बे तुझ्या कॉलेजात," भाऊजी म्हणायचे. आमी पोट धरून हसायचो.

यंदा त्यांची बायको, साखराबाई, चुलीपुढंच कोसळली. डोक्यात रक्त सांडलं, शुद्ध गेली, दवाखान्यात घातलं. ती जगावी म्हणून भाऊजी घरच्याच बोकडाचा नवस बोलले. आई मेलेलं ते पिल्लू साखराबाईनं बाटलीनं वाढवलेलं. दर बाजारच्या दिवशी त्याला तिच्या हातची अंघोळ.

पाणी ओतलं. बोकड उभाच. पुन्हा ओतलं, तर भाऊजींचा हात चाटायला लागला. देवानं न्हाई म्हणलं म्हणून भाऊजींनी सुरी खाली ठेवली.

"नाना, त्याला पाण्याची सवय हाय," अंगद म्हणाला. "तो भ्याला न्हाई, एवढंच."

भाऊजींनी बोकडाच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे बाकीचे सगळे भ्यालते?"

अंगद रिकामा तांब्या उचलायला वाकला. मेल्याला आधीच गप्प बसता येत नव्हतं का!

बोकड सोडून आमी दवाखाना गाठला. सिस्टर साखराबाईला ओल्या फडक्यानं पुसत होती. एकाएकी साखराबाईचं अख्खं अंग थरारलं.

"झाडलं! अंग झाडलं!" मी वरडले. "देवानं ऐकलं, भाऊजी!"

"गप बसा वैनी. भ्यालीय ती." त्यांनी सिस्टरच्या हातातलं फडकं ओढून घेतलं अन् धोतराच्या सोग्यानं तिचं कपाळ कोरडं करत बसले. "मी हाय, साखरे. भिऊ नको."

सकाळी ती गेली. दारात पाटावर ठेवून शेवटची अंघोळ घालायची, तर पहिला तांब्या नवऱ्याचा. सगळे खोळंबले. भाऊजी बादलीत हात घालून बघत होते, पाणी गार तर न्हाई ना.