लिडलच्या दारातला फोटो

नॉर्मन स्टोबार्टने एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत दगड फोडला. कथबर्ट लिडल तेवढीच वर्षं वर बसून, खाली उतरणाऱ्यांना दिवे वाटत होता. त्याला काम म्हणणं नॉर्मनच्या जिवावर यायचं.

खाण बंद पडली, तरी जुलैतली खाणकामगारांची मिरवणूक चालूच राहिली. दोघंही तिचे फोटो काढत. सगळ्यांत चांगला एकच फोटो वर्षभर गावाच्या सभागृहात लागे. तीन वर्षं तो लिडलचाच होता. नॉर्मन आदल्या दिवशी जागा हेरायचा, खांद्यावरून शिडी न्यायचा, कोळशाच्या खोपटात स्वतः फोटो धुवायचा. लिडल चहा ढोसून रमतगमत यायचा आणि चारदा बटण दाबायचा.

यंदा लिडल फोटो काढणार नव्हता. मार्चमध्ये त्याची बायको नोरा गेली होती. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या दारापुढे मिरवणुकीचं रेशमी निशाण थांबतं. बँड प्रार्थना वाजवतो, सगळे टोप्या काढतात.

"यंदा मैदान मोकळंय रे तुला," निशाणाची दोरी धरलेला राल्फ हसत म्हणाला.

"तू दोरी सांभाळ," नॉर्मन खेकसला. त्याच्याही मनात तेच होतं.

सकाळी सातला निशाण लिडलच्या दारापुढे थांबलं. नॉर्मन रस्त्यापलीकडे शिडीवर चढला. त्याच्या पाठीमागून कोवळं ऊन येत होतं, रेशीम पेटल्यासारखं दिसत होतं. उंबऱ्यात लिडल काळ्या सुटात ताठ उभा. याला नुसतं उभं राहणंही कसं साधतं, नॉर्मनला वाटलं. बँड सुरू झाला, टोप्या उतरल्या. त्याने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी फोटो धुतला. जन्मात असा साधला नव्हता. पण रस्त्यावरून एक लांब सावली लिडलच्या बुटांपर्यंत गेली होती. शिडीवरच्या माणसाची. डोक्यावर टोपी.

नॉर्मनने कागदाची पट्टी ठेवून पाहिली. सावली कापायची, तर लिडलही जात होता.

सभागृह सांभाळणाऱ्या एडिथने फोटो उजेडात धरला. "देखणा आलाय. पण हा टोपी घातलेला शहाणा कोण?"

"मी."

तिने फोटो त्याच्या हातात परत दिला. "दार त्याचं आहे. त्याला विचारून ये."

लिडलने घरात टेबलाशी बसून फोटो बराच वेळ पाहिला. "निशाण झकास आलंय. लाव की."

"सावली दिसली ना तुला?"

"दिसली. अरे, तुझे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते. काढणार कशी?"

"शिडी चढण्याआधी काढता आली असती."

"जाऊ दे रे."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर नॉर्मनने ऐकून घेतल्या असत्या. या माणसाला माफ करायलासुद्धा घाम येत नव्हता. नॉर्मनने फोटो तिथेच टेबलावर ठेवला.

"हा तुझ्याकडेच असू दे. नोरासाठी निशाण थांबलं होतं."

"आणि भिंतीवर?"

"तुझा जुना आहे ना. राहू दे एक वर्ष." दारापर्यंत जाऊन तो वळला. "वाकडा टांगलाय मात्र. मी सरळ करून घेईन."