शेवटी चढण्याचा मान

पुणतांब्यात विमानाचा विषय निघाला की शेवटचा शब्द कानिफनाथाचा. एकाहत्तर साल सरेपर्यंत तरी तसंच होतं. कानिफनाथ हा साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा, म्हणजे काकासाहेबांचा ड्रायव्हर. काकासाहेबांच्या दिल्लीच्या फेऱ्या सतत चालू. दर फेरीला कानिफनाथ त्यांना अँबॅसडरमधून मुंबईला सांताक्रुझच्या विमानतळावर पोचवी, बॅग वजनकाट्यापर्यंत नेई आणि मग गॅलरीत चढून विमान दिसेनासं होईपर्यंत कठड्याला रेलून उभा राही.

साहेब विमानात मिळालेल्या लिमलेटच्या गोळ्या खिशात टाकून आणत आणि परतीच्या वाटेवर त्याला देत. त्या तो गावातल्या पोरांना वाटी. गोळी तोंडात विरघळेपर्यंत पोरं प्रश्न विचारत, मोठी माणसंही कान देत आणि सांगता सांगता कधीतरी 'साहेब बसले'चं 'आमी बसलो' झालं. त्यानं ठरवून थाप मारली नव्हती. रोज विंगेत उभं राहून दुसऱ्याची भाषणं ऐकणाऱ्याच्या ओठांवर ती एके दिवशी आपसूक येतात, तसं ते झालं. पुढं टाळ्या पडल्या आणि मागं फिरणं राहून गेलं.

त्याच्या गोष्टीत एक गोष्ट तो हमखास सांगे. दार उघडलं की माणसं शिडीकडं लगबगीनं निघतात. काकासाहेब मात्र निघत नाहीत. तंबाखू मळतात, कुणाशी तरी दोन शब्द बोलतात आणि सगळे चढल्यावर धोतराचा सोगा सावरत सावकाश शिडी चढतात. ते आत गेले की मगच शिडी हलते. विमानात शेवटी चढायचा मान मोठ्या माणसाचा, असं कानिफनाथ म्हणे. गावाला ते लगेच पटे. पाव्हणा आल्याशिवाय पंगत कुठं बसते? आणि मुख्य नट तरी पहिल्या घंटेला रंगमंचावर येतो का?

या गोळ्या सगळ्यांत जास्त खाल्ल्या होत्या शेजारच्या छबूबाईच्या गोरक्षानं. छबूबाई विधवा, गोदावरीकाठच्या तुकड्यावर राबणारी, गोरक्ष तिचा एकुलता एक. मिसरूड फुटताच तो पलटणीत गेला. डिसेंबरात लढाई झाली, संपली, गावानं गुलाल उधळला. जानेवारीत तार आली की गोरक्ष जखमी आहे, दिल्लीच्या लष्करी इस्पितळात आहे, आईनं ताबडतोब यावं.

आगगाडीनं फार वेळ गेला असता. काकासाहेबांनी विमानाची दोन तिकिटं काढली आणि स्वतः छबूबाईच्या अंगणात आले. सारी आळी जमली होती.

"कानिफनाथ, तू जा त्यांच्यासंगं. तिथलं तुला म्हाईत हाय. जमंल न्हवं?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण म्हातारी लंकाबाई मागून म्हणाली, "त्याला काय इचारता? त्यो तर रोजचाच गडी हाय." सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. कानिफनाथानं टोपी नीट केली.

"जमंल की," तो म्हणाला.

सांताक्रुझला वजनकाट्यापर्यंत त्याचा पाय कुठं अडला नाही. छबूबाईचं गाठोडं त्यानं तोलून दिलं, आत जायचे दोन कागद हातात घेतले आणि तिला बाकावर बसवलं. इथून पुढचं जग त्यानं फक्त कठड्यावरून पाहिलेलं. भोंगा इंग्रजीत काहीबाही बोलला. माणसं उठली, दारापाशी रांग लागली. छबूबाईही उठली.

"चला भावजी, लोकं निघाली."

"बसा वहिनी. आपन शेवटी जायाचं. तुमी जवानाच्या आई, आज तुमचा मान हाय."

तो हे मनापासून बोलत होता. या बाईला द्यायला त्याच्याजवळ एवढी एकच मोठी गोष्ट होती. छबूबाई बसली. जन्मभर ती शेवटच्याच पंगतीला जेवली होती. त्यात मान असतो हे मात्र पहिल्यांदाच ऐकत होती.

समोरच्या बाकावर एक जाडजूड गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. कानिफनाथानं त्यांच्यावर नजर ठेवली. हे बसलेत तोवर आपण शेवटचे नव्हे. रांग आटली. भोंगा पुन्हा बोलला, मग आणखी एकदा. गृहस्थांनी पान उलटलं. शेवटी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उठले आणि दाराकडं न जाता उलट दिशेनं निघून गेले. ते दुसऱ्याच विमानाची वाट पाहत होते.

कानिफनाथ धावला. दार लागलं होतं. काचेपलीकडं शिडी विमानापासून दूर सरकत होती. दारावरचा माणूस हिंदीत म्हणाला की तुमची नावं दोनदा पुकारली, कुठं होतात? कानिफनाथानं हात जोडले, मुलाचं सांगितलं. त्या माणसाचा चेहरा उतरला, पण विमान वळलं होतं.

"काय झालं?" छबूबाईनं विचारलं.

"लवकर सोडलं त्यांनी," कानिफनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळाली. या वेळी दार उघडताच तो तिला घेऊन सगळ्यांच्या पुढं झाला. आत खुर्चीचा पट्टा बांधायला सांगितलं तेव्हा मात्र दोन टोकं हातात धरून तो तसाच बसला. कडी कशी लागते ते त्याला कळेना. छबूबाईनं त्याच्या हातातल्या सुट्या टोकांकडं पाहिलं. मग ती खिडकीबाहेर बघू लागली. हवाई सुंदरीनं येऊन दोघांचे पट्टे बांधले आणि गोळ्यांचं तबक पुढं केलं. छबूबाईनं एक गोळी उचलली आणि पदराच्या गाठीला बांधली.

गोरक्ष आदल्या दिवशी दिवेलागणीला गेला होता. शेवटपर्यंत शुद्धीवर होता, आई निघाली का म्हणून विचारत होता, असं नर्सनं सांगितलं. छबूबाईनं पदराची गाठ सोडली, त्याच्या थंड मुठीत गोळी ठेवली आणि आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ मिटली.

गावात आल्यावर लोकांनी विचारलं, उशीर कसा झाला? "इमान भरलेलं हुतं," छबूबाई म्हणाली. कानिफनाथ खाली मान घालून उभा होता.

चैत्रात काकासाहेबांना पुन्हा दिल्लीला जायचं होतं. कसारा घाटात गाडी हाकता हाकता त्यानं विचारलं, "सायेब, तुमी इमानात शेवटी का चढता?"

काकासाहेब हसले. "कुनाला सांगू नगंस. मला लई भ्या वाटतं रं. शिडी बघितली की पाय उचलत न्हाई. शेवटी कुनी बोलवायला आलं की जातो."

कानिफनाथानं पुढच्या वळणावर गिअर बदलला.

परतल्यावर तो त्या फेरीच्या गोळ्या घेऊन छबूबाईच्या दारात गेला. ती शेंगा फोडत बसली होती.

"वहिनी, मी त्याआधी इमानात कदीच बसलो न्हवतो."

"ठाव हाय. पट्टा बांधताना कळलं."

"मग तवाच का बोलला न्हाईत?"

"बोलले असते तर तुमी तितंच कोसळला असता, भावजी. मग मला दिल्लीत माज्या पोरापातुर कुनी न्यायचं हुतं?"

तिनं सूप बाजूला सारून त्याला बसायला जागा केली. कानिफनाथ उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मुठीतल्या गोळ्या घामानं एकमेकींना चिकटल्या होत्या.