गादीवाली चड्डी

सायकलवरून लांब जाणाऱ्या बाईला सगळ्यात आधी काय दुखतं, असं कोणी विचारलं तर मी अजूनही "पाय" असंच सांगते. खरं उत्तर द्यायचा धीटपणा माझ्यात आलाच नाही. आमच्या शाळेत सगळं इंग्रजीतून शिकवत, पण शरीराच्या त्या भागाचं नाव मोठ्याने घ्यायला आम्हाला कोणत्याच भाषेत शिकवलं नाही. माझी मैत्रीण मात्र लांबच्या पहिल्या फेरीनंतर दुसऱ्याच दिवशी म्हणाली होती, "बसायची जागा सोलून निघाली वं माही. तुही?"

मी रस्त्याकडे बघत नुसती मान हलवली.

आम्ही दोघी कॉलेजात भेटलो. मी प्रतापनगरातून यायची, ती इतवारीच्या मागच्या एका गल्लीतून. तिच्या घरी पूर्वी हातमाग होता. वडिलांनी तो काढून टाकला आणि ते कापडाच्या दुकानात कामाला लागले. कॉलेजकडे वाकड्या हँडलच्या दोन सायकली होत्या, दोन्ही पुरुषांच्या, आणि त्या चालवायला तयार असलेल्या मुली आम्ही दोघीच. खेळाचे सर पहाटे आम्हाला कळमेश्वरच्या रस्त्याला घेऊन जात. ते स्कूटरवर मागे, आम्ही पुढे. ती माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान होती. चढावर ती बोलत असे आणि मला श्वास पुरत नसे.

दसऱ्यानंतर राज्याच्या संघासाठी मुलींची निवड व्हायची होती. त्यासाठी रस्त्यावरची लांब शर्यत होती. माझ्या दृष्टीने ती शर्यत होती, एवढंच. तिचं तसं नव्हतं. उमरेडच्या एका स्थळाकडून निरोप येऊन गेला होता. संघात आलेल्या मुलींना खेळाडू म्हणून नोकरी लागते, असं सरांनी तिच्या वडिलांना घरी जाऊन सांगितलं होतं. वडील म्हणाले, निवड झाली तर स्थळाला नाही म्हणून कळवतो; नाही झाली तर मात्र तू काही बोलायचं नाही. हे सगळं तिने मला सायकलची साखळी पुसता पुसता सांगितलं, आणि मग म्हणाली, "म्हणून म्हणतो, पहिले ह्या बुडाचं काहीतरी करू."

सलवार घालून शहरातल्या शहरात जाता येतं. तासभर पायडल मारलं की तिची चुणी मांडीत गोळा होते, नाडीची गाठ पोटात रुतते आणि शिवणी चाकूसारख्या लागतात. सीटवर टॉवेल बांधून पाहिला. तो सरकत राहिला. मग सरांनी, आमच्याकडे न बघता, झाडाकडे बघत सांगितलं की शर्यतीतले लोक आतून गादी लावलेली चड्डी घालतात, बर्डीच्या बाजारात मिळाली तर बघा.

बर्डीवर खेळाच्या सामानाचं दुकान होतं. आत शिरण्याआधी मी तिला बजावलं, भावासाठी पाहिजे असंच सांगायचं.

"भाई की कमर कितनी?" दुकानदाराने विचारलं.

मैत्रीण म्हणाली, "माह्याएवढीच हाय."

"तो भाई को ही ले आओ ना. पहनके देख लेगा."

"येत नाई तो. लाजते लय."

दुकानदार हसला आणि एक काळी चड्डी काउंटरवर टाकली. तिने ती सरळ उलटी केली. आत पिवळसर मऊ चामड्याचा तुकडा शिवलेला होता. तिने त्यावर अंगठा दाबला, बोटांनी रुंदी मापली, मधली शिवण दोनदा चाचपली. मी दारातल्या बॅडमिंटनच्या जाळ्यांकडे बघत उभी राहिले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माणसाच्या मापाची हाय वं ते. समोरून लांब, मागून अरुंद. अन् शिवण बरोब्बर जिथं नको तिथं. वरून कातडं. घरात नेलं तं आई मले चड्डीसकट बाहेर बसवीन."

मग तिच्या आईलाच विचारायचं ठरलं. त्यांना मी मावशी म्हणत असे. त्या शिवणयंत्रावर बसल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "गादी सायकलले लावा नं वं. चड्डीले काहून?"

मैत्रिणीने त्यांना पाटावर बसवलं आणि दोन्ही तळहात स्वतःच्या खाली ठेवायला लावले. "आता पुढं वाक. लागले दोन हाडं हाताले? तिथं पाहिजे गादी. बाकी कुठं नको."

मावशी हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बाप्पा, ह्या वयात मले माहे हाडं दाखवून राहिली!" मलाही हसू आलं. त्या घरात मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

त्यांनी स्वतःची एक सुती साडी काढली, हिरव्या काठाची, धुऊन धुऊन सायीसारखी पांढरी, मऊ झालेली. असलं कापड त्यांच्याकडे कोणी टाकत नसे. ते बाळंतपणासाठी, लहान मुलांसाठी, गोधडीसाठी राखून ठेवत. पहिली जोडी त्यांनी गोधडीसारखीच केली: थरावर थर आणि सगळीकडून धावदोरा. अंगणातल्या ओट्यावर बसून पाहिली तेव्हा राणीसारखं वाटलं. कळमेश्वरच्या पुढे गेलो आणि प्रत्येक टाका मोजता यावा असा लागायला लागला. जाड गादीत घाम मुरला, ती ओल्या पोत्यासारखी फुगली आणि कडेने घासू लागली.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाण्या झालो. थर कमी केले. टाके फक्त कडेला, मधे एकही नाही. गादी मागे रुंद, पुढे निमुळती. वरचं कापड काळं, बनियनसारखं ताणणारं, पाय गुडघ्याच्या जरा वर येतील असे लांब, म्हणजे मांड्या सीटला घासणार नाहीत. आणि आत दुसरं काहीही घालायचं नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात अवघड गेली. नाक्यापर्यंत आम्ही वरून सलवार घालायचो. वस्ती संपली की झाडामागे जाऊन ती काढायची आणि पिशवीत कोंबायची.

त्या जोडीत आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस मला नीट आठवतो. संत्र्याच्या बागा मागे पडल्या, कारखान्यांचे ट्रक मागे पडले, आणि कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं की बसण्याच्या जागेचा मला विसर पडला होता. ती पुढून ओरडली, "दुखते का?"

"नाही!"

"मले बी नाई! आता पाह्य, उमरेडवाले बसते बोंबलत!"

मावशींनी लगेच निवडीच्या दिवसासाठी तिला अजून एक नवी चड्डी करून ठेवली, त्याच साडीची. ती कपाटात ठेवून दिली.

आमच्या घराला गच्ची होती, छातीपर्यंत कठडा असलेली. माझी चड्डी तिथे दोरीवर उलटी करून वाळत पडायची. दुपारपर्यंत गादी पापडासारखी कडक कोरडी होई. तिच्या घरी एकच अंगण, त्यात काका, मोठेबाबा म्हणजे थोरले काका, सगळ्यांची बिऱ्हाडं. अंगणातून पुरुषांची ये-जा. बायकांचे आतले कपडे तिथे दोरीवर परकराखाली वाळत घालायचे. माझ्या आजोळी तेच होतं, बहुतेक घरी तेच असतं. साध्या कपड्याला ते चालून जातं. आमची ती काळी चड्डी मात्र थरांची होती. त्यात भाद्रपदातली दमट हवा. परकर वाळायचा, चड्डी वरून हाताला कोरडी लागायची, आणि गादीच्या आत ओल तशीच राहायची. पहाटे ती तीच घालून निघायची.

मी तिच्या मागे चालवायची, त्यामुळे मला आधी दिसलं. ती सीटवरून सारखी उठत होती. चढ नसताना उभी राहून पायडल मारत होती.

"काही झालंय का?" मी विचारलं.

"तू आपलं हँडल सांभाळ."

दोन-तीन दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, "गळू आलं वं एक. मोठं नाई."

"डॉक्टरला दाखव."

"कोणाले? आमच्या गल्लीतल्या दाढीवाल्याले? काय सांगू, कुठं आलं म्हणून?"

आमच्या भागात एक डॉक्टरीणबाई होत्या. मी तिथे नेते म्हटलं. तिने माझ्या हँडलवर हात ठेवला. "निवड होऊ दे पहिले. आता बसू नको म्हणतीन तं?" मी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. ती नाहीच म्हणाली.

एका सकाळी नाक्याच्या अलीकडे ती उतरली आणि पुन्हा चढू शकली नाही. अंगात ताप होता. मी एका हाताने माझी सायकल धरली, दुसऱ्या हाताने तिची. ती माझ्या शेजारून पाय फाकवून हळूहळू चालत आली, आणि तशातही म्हणाली, "बदकावानी दिसतो का मी?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी गळू फोडलं. मावशी आणि मी बाहेर बाकावर. आतून नर्स तेवढी "झालं, झालं" म्हणत होती. नंतर बाईंनी ती चड्डी हातात घेतली, गादी दाबून पाहिली, नाकाजवळ नेली.

"हे उन्हात वाळवत नाही का तुम्ही?"

मावशी म्हणाल्या, "अंगणात पुरुष माणसं राहते, बाई."

डॉक्टरीणबाईंनी चड्डी कागदात गुंडाळली. जखम भरेपर्यंत सायकल नाही, म्हणाल्या. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही.

घरी पोचेपर्यंत मोठीआईला, म्हणजे तिच्या मोठ्या काकूला, कळलेलं होतं. त्या दारातच उभ्या होत्या. "कापलं म्हंते पोरीले? अन् तिथं?" मग आवाज खाली आणून मावशींना म्हणाल्या, "उमरेडच्या लोकाईच्या कानावर गेलं तं काय समजतीन ते? सायकलनं पोरगी बिघडली म्हणतीन. उरकून टाका."

कोणी ओरडलं नाही. तिचे वडील तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. त्याच आठवड्यात ते उमरेडला जाऊन होकार देऊन आले. गळवाची गोष्ट तिकडे पोचायच्या आत सगळं ठरायला हवं होतं, आणि ठरलं.

निवडीच्या दिवशी मी एकटी गेले. माझी चड्डी उन्हात वाळलेली होती आणि मला कुठेही काहीही लागलं नाही. मी शर्यत मधल्या घोळक्यात संपवली, निवड झाली नाही. संध्याकाळी तिच्याकडे गेले तेव्हा ती अजून कुशीवरच निजलेली होती.

"पहिल्या पोरी किती पुढं होत्या?"

"खूप."

"मी असती तं?"

"त्यांच्यात असतीस."

"खोटं नको बोलू."

"खोटं नाही बोलत."

ती भिंतीकडे वळली. म्हणाली, "हं. मले बी तसंच वाटते." मग लग्नात मी कोणता रंग नेसणार ते विचारलं.

लग्न थंडीत झालं. ती उमरेडला गेली. तिथे सायकल नव्हती. पत्रं लिहायची सवय तिला नव्हती, आणि तिने विचारलं असतं तर रस्त्याबद्दल काय लिहायचं, हे मलाही कळलं नसतं. सर एकदा म्हणाले, एकट्या मुलीला त्या रस्त्याला नेता येत नाही. मी सायकल कॉलेजात परत केली.

पुढच्या भाद्रपदात मी मावशींना भेटायला गेले. अंगणात दोरी तीच, परकर तसेच. पण दोरीच्या बाहेरच्या टोकाला, दारातून आत येणाऱ्या कोणालाही दिसतील अशा, मऊ पांढऱ्या कापडाच्या घड्या वाळत होत्या. एका तुकड्याला हिरवा काठ होता. दुसरा मागे रुंद आणि पुढे निमुळता होता. तो आकार मी ओळखला.

मावशी बाहेर आल्या. "नवीच होती, अंगाले लागली नाई तिच्या," म्हणाल्या. "उसवली. लेकराले नरम कापड लागते नं. पुढच्या महिन्यात येऊन राहिली ती बाळंतपणाले."

मी त्या कापडाला हात लावला. ते गरम होतं, आरपार कोरडं.

मोठीआई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. ऊन सरकलं होतं आणि घड्यांवर भिंतीची सावली यायला लागली होती. अंगणातून मोठेबाबा सायकल घेऊन बाहेर निघाले होते. मोठीआईंनी त्यांना थांबवलं, दोरी वाकवली आणि एकेक तुकडा उचलून उन्हात सरकवला, नीट पसरून.

"लेकराचे कपडे हाय," त्या मला म्हणाल्या. "ऊन पाहिजे त्याइले."