तळ्याच्या पाळीवरचे बांबू
नुकत्याच कापलेल्या बांबूचा वास आला की मला कुरखेड्याकडचं माझं सासर आठवतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा नवी सून होते. गावातल्या तळ्यात मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराच्या बायकोची नजर गेली होती, म्हणून त्याने तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, झाडाझाडाला पोकळ बांबू टांगले. काठीने ते ठोकत, आवाजाच्या मागे मागे ती पाण्यापर्यंत जायची. लहानमोठ्या बांबूंचा सूर निराळा, त्यामुळे येता-जाता सगळेच ते वाजवू लागले. आम्ही बायका तर त्यांच्या ठेक्यावर भाताच्या रोवण्याची गाणी म्हणायचो. एका सकाळी एक तरुण ढिवर कोयता घेऊन आला. "या आवाजानं मासोळ्या पळून राह्यल्या. मी तोडतो हे," तो म्हणाला. म्हातारी घागर घेऊन नुसती उभी राहिली. माझी सासू शांतपणे म्हणाली, "तोड ना भाऊ. पण उद्यापासून इले रोज पाण्यावर तूच आणजो." तो कोयता कमरेला खोचून निघून गेला. शेवटी गावानं ठरवलं, पाण्यात जाळं असेल तोवर म्हातारीशिवाय कोणी वाजवायचं नाही. दुसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. म्हातारीनं बांबू ठोकला, पण ओल्या धुक्यात त्याचा सूर बसला होता, दिशा कळेना, आणि ती अडखळली. तेवढ्यात तळ्यातून, घाटाजवळून ठक् असा आवाज आला. तोच तरुण हातातलं जाळं बाजूला ठेवून आपल्या डोंग्यावर वल्हं ठोकत होता. "इकडं ये बाई, घाट इथी आहे," तो म्हणाला. म्हातारी हसली आणि तिनं पुन्हा बांबू वाजवला. नातवंडांना सांगताना मी अजूनही इथेच थांबते, पुढचं काही सांगावंसं वाटत नाही.