सांभाळ करीत नाही

माझ्या सासूबाईंचा डावा डोळा काचबिंदूने गेला, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय. मला विचाराल तर तो दोन नियमांच्या मधे सापडून गेला. इतकी वर्षं झाली, तरी त्याचा माझा राग गेलेला नाही.

तेव्हा आम्ही कडावला राहायचो. सासरे, म्हणजे मामा, तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. उभी नोकरी कर्जत नाहीतर खालापूर, अशी जवळपासच झालेली. भातशेती भावकीत कसायला दिली होती. आमचे हे खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यातल्या कामगारांना विमा होता. पगारातून थोडं कापलं जायचं आणि विम्याच्या दवाखान्यात घरातल्यांचं औषधपाणी व्हायचं. मामा ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घराला दोन्हीकडून आधार आहे. बापाच्या बाजूने सरकार, लेकाच्या बाजूने विमा." नवी नवरी होते मी. ऐकून मला बरं वाटायचं.

मग एक दिवस आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय गं मला." त्यांची कपाळाची एक बाजू ठणकायला लागली. चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. मामा म्हणाले, मोतीबिंदू असेल, पिकू दे. मी मागे लागून कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "हा काचबिंदू वाटतो. याची पिकायची वाट बघायची नसते. मुंबईला नेऊन ऑपरेशन करून घ्या. गेलेली नजर परत येत नाही." हे त्यांनी मामांकडे बघून सांगितलं.

मामा त्याच दिवशी कामाला लागले. कामाला लागले म्हणजे अर्ज करायला बसले. नोकरीत असताना औषधाची बिलं कचेरीतून परत मिळत, तशी आताही मिळतील अशी त्यांची खात्री होती. सरकारने जन्मभर राबवून घेतलं, ते म्हातारपणी हात सोडणार नाही, असं ते म्हणायचे. काही महिन्यांनी उत्तर आलं की ही सवलत सेवेत असेपर्यंतच होती. त्या उत्तराच्या शेवटी एक मखलाशी होती. आपला मुलगा विमाधारक कामगार असल्याचे दिसते, तरी तिकडे चौकशी करावी.

तिकडे चौकशी केली. ह्यांनी एक खाडा करून आत्यांना आणि मामांना विम्याच्या कचेरीत नेलं, मीही गेले. तिथला कारकून बोलायला गोड होता. म्हणाला, "आईवडील मुलावर अवलंबून असतील तरच विम्यात बसतात. तुमच्या वडलांना सरकारी पेन्शन आहे. म्हणजे ते स्वतःच्या पायावर उभे आहेत, आणि आई त्यांच्यावर अवलंबून आहेत. मुलावर नाहीत. तुम्ही सरकारकडे मागा." आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना! मला तिथेच भांडायचं होतं. पण मामा मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. नियमाला धरून आहे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाला नाकारलंय तोच नाकारणाऱ्याची बाजू घेतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

मी म्हटलं, "मामा, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गोरगरिबांना फुकट तपासतात. तिथे नेऊ या." ते म्हणाले, "आपण गोरगरीब आहोत का? आपलं हक्काचं असताना धर्माच्या रांगेत उभं राहायचं?" बापासमोर ह्यांचं तोंड कधी उघडलं नाही, ते त्या दिवशी तरी कसं उघडणार!

विम्याच्या कारकुनाने पुढच्या खेपेला एक वाट सांगितली. नवरा बायकोचा सांभाळ करत नाही, मुलगा करतो, असं तालुक्याच्या कचेरीत प्रतिज्ञापत्र करून द्या. दोघांच्या सह्या हव्यात. मग आई मुलावर अवलंबून ठरतात.

मामा तडक उठून बाहेर आले. रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, "खोट्या शपथेवरून मी लोकांना झापलंय. आता तीच मी घेऊ? आणि घेऊ ती कुठे, तर माझ्याच कचेरीत?" मग त्यांनी आपल्या हाताने मसुदा लिहिला की पेन्शनमधून पत्नीचा औषधोपचार भागत नाही. कारकुनाने परत पाठवला. भागत नाही चालणार नाही, सांभाळ करीत नाही असंच हवं. मामांनी दुसरा मसुदा केला, तिसरा केला. शब्द फिरवून फिरवून लिहिले, पण ते तीन शब्द काही त्यांच्या टाकातून उतरेनात. आम्हाला वाटायचं, लिहून टाका की! कागदच तो! पण ज्याने आयुष्यभर कागदालाच खरं मानलं, त्याला हे कसं सांगायचं?

पावसाळा सरला, भातं कापून झाली. एका दुपारी आत्या मामांना आमटी वाढत होत्या. वाटी होती डावीकडे, आमटी पाटावर पडली, मामांच्या मांडीवर सांडली. आत्यांना ते दिसलंच नाही. त्या वाढतच राहिल्या. मामा उठले. हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "उद्या कचेरीत जाऊ. घे लिहून त्यांना हवं तसं."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं कचेरीत गेलो. मामा आत शिरताच जुने शिपाई उठून उभे राहिले, कुणीतरी खुर्ची दिली. समोर बसलेला कारकून मामांच्या हाताखाली शिकलेला होता. त्याने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तरी नियमाप्रमाणे वाचून दाखवणं भाग होतं. त्याने खाली मान घालून वाचलं, "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी माझ्या पत्नीचा सांभाळ करीत नाही." सगळी कचेरी ऐकत होती. मामांनी सही केली. त्यांची सही नेहमी ऐसपैस असायची, त्या दिवशी ती कोपऱ्यात कशीबशी मावली.

मग मी आत्यांच्या हातात टाक दिला आणि त्यांचं बोट जागेवर टेकवलं. त्यांनी हात मागे घेतला.

"हे काय लिवलंय गं? ह्यांनी मला पोसलं नाय?"

मी कानाशी लागून म्हटलं, "आत्या, नुसतं डोळ्यासाठी आहे. करा सही."

"डोल्यासाठी मी ह्यांच्या कचेरीत, ह्यांच्या मान्सांसमोर, ह्यांना नादार म्हनू? नाय रं बाबा." हे त्या कारकुनाला होतं. "दोन घास कमी खाल्ले आमी कधी, पन ह्यांच्याच हातचे खाल्ले. चल गं घरी."

मी विनवलं, शेवटी चिडले. ह्यांनीही आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवला. मामा तेवढे गप्प होते. मला खात्री आहे, त्यांनी एकदा नुसतं "कर सही" म्हटलं असतं, तर आत्यांनी केली असती. ते म्हणाले नाहीत. उलट आत्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवू लागले, आणि खरं सांगते, मला त्या दोघांचाही संताप आला. त्या नियम करणाऱ्यांचा आला त्याहून जास्त आला.

त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात आत्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात फुकटच्या रांगेत नेऊन बसवलं. मामाही बरोबर आले. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डावा डोळा गेला होता, उजव्याचं ऑपरेशन करून उरलेली नजर राखता येईल म्हणाल्या. मग कागदावरून मान वर करून आत्यांना जरा रागानेच विचारलं, "इतके महिने काय करत होतात आजी? घरात तुमच्याकडे बघणारं कुणी नाही का?"

मामा माझ्या शेजारीच उभे होते. मी वळून त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"असं कसं?" आत्या म्हणाल्या. "माजा नवरा सांबालतो की मला."