हळदीचे चौकोन

नेकनूरच्या अलीकडे, माळाला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या घरात दुपारचे चार वाजले की कुणीतरी पान उलटतं. गहिनीनाथ त्या वेळी मेंढरं घेऊन माळावर असतो, धाकटी सायली घरी यायची असते. बायनाबाई एकटीच डालग्याखाली झाकलेल्या कोकरांपाशी बसलेली असते. आवाज आला की ती मान वर करते, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहते. उठून मात्र जात नाही. दीड वर्षं हे असंच चाललं आहे.

आत भिंतीवर थोरल्या धनश्रीचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. दहावीनंतर तिनं बीडला अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि भूगोल हे विषय तिनं स्वतः निवडले होते. बापानं विचारलं, "भूगोल कावून गं?" तेव्हा ती म्हणाली होती, "तेवढाच एक हलका हाय, बापू. वाईच दम खायला व्हतंय."

उठवायचं काम आईकडे होतं, आणि आईला वाचता येत नव्हतं. म्हणून धनश्रीनं प्रत्येक विषयाला रंग दिला आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेला घड्याळाचे काटे काढले. "ऊठ गं, निळं लागलं," बायनाबाई हाक मारायची. शेजारची भिवराबाई कुडापलीकडून म्हणायची, "बायने, तू बी अकरावीला हायेस का काय?"

"हाये की! पास झाले तर तुला पेढा देते. नापास झाले तर तुझ्याच घरी जेवाय येते."

श्रावणात क्लासवाल्यांनी पालकांना बोलावलं. सर माईकवर म्हणाले, वेळापत्रकात एकही चौकोन रिकामा दिसता कामा नये. बायनाबाई एसटीत परत येईपर्यंत त्याच वाक्यापाशी अडकून राहिली होती. पोरीच्या कागदावर रोज दुपारी चारचा चौकोन पांढराच होता. रंग संपला असेल, सांगायला लाजली असेल, असं तिला वाटलं. घरी आल्या आल्या तिनं वाटीत हळद कालवली आणि बोटानं साती चौकोन पिवळे केले.

धनश्री आली, भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग हसली. "लई झाक झालं, आई." अंगठा उठवण्यापलीकडे आईनं कागदाला बोट लावल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या पिवळ्या तासात बसवायला आठवड्याभरात भूगोल बदलून तिनं गणित घेतलं. गहिनीनाथ खूश झाला. "डॉक्टरीचं न्हाई जमलं तर इंजिनिअरचं जमंल. दोन्ही दारं उघडी ऱ्हायली पायजेत." तेव्हापासून चार वाजले की बायनाबाई हाक द्यायची, "ऊठ बाई, पिवळं लागलं."

जानेवारीत ताप आला. चार दिवस धनश्रीनं तो अंगावर काढला आणि चारही दिवस आईनं तिला चार वाजता उठवलं. तिसऱ्या दिवशी दंड चटका बसावा इतका तापला होता. एसटीतलं ऊन लागलं असेल, म्हणून बायनाबाईनं चहा दिला. बीडच्या डॉक्टरांनी विचारलं, "विश्रांती घेत होती ना?" बायनाबाई म्हणाली, "व्हय." ताप मेंदूत गेला होता. धनश्री घरी परत आली नाही. कुणी कुणाला बोल लावला नाही. पुढं ते 'व्हय' मात्र तिच्या तोंडातून गेलं नाही. भाकरीच्या घासाबरोबर खड्यासारखं ते तिच्या दाताखाली येत राहिलं.

यंदा सायली दहावी झाली. विषयांचा फॉर्म उद्या द्यायचा होता. तिनं चार विषय लिहून ठेवले होते, त्यांत गणितही होतं आणि जीवशास्त्रही.

"ताईचं ऱ्हायलेलं मी पुरं करते," ती म्हणाली. ताईचंच वेळापत्रक जसंच्या तसं उतरवायचं, म्हणून तिनं कागद अलगद सोडवला आणि दारातल्या उजेडाला धरला. धरला तो धरूनच राहिली.

"आई, ह्या पिवळ्याखाली पुसट पेन्सिलीनं काहीतरी हाय."

"काय हाय?"

"झोप." तिनं दुसरा चौकोन पाहिला, तिसरा पाहिला. "सातीत 'झोप'च लिहिलंय. ताईनं वरनं रंग कावून दिला असंल?"

बायनाबाई डालग्याला धरून खाली बसली. झोपलेलं कोकरू तिनं उभ्या जन्मात पाजायला उठवलं नव्हतं. मेंढी ओरडून ओरडून थकली तरी ती म्हणायची, आपलं आपण उठंल. सासूनं लावून दिलेली रीत होती ती.

"तिनं न्हाई दिला," ती म्हणाली. "म्या दिला. मला वाटलं, रिकामं ऱ्हायलंय." मग श्वास न घेता तिनं सगळं सांगितलं: वाटीतली हळद, चार दिवसांचा ताप, डॉक्टरांना दिलेलं उत्तर.

संध्याकाळी गहिनीनाथ मेंढरं कोंडून आला, तर फॉर्मवर गणित खोडून भूगोल लिहिलेला.

"ह्ये काय? एक दार लावून घेतलं व्हय गं?"

"म्या लावाय सांगितलं," बायनाबाई म्हणाली. "दोन्ही उघड्या दारांतनं पोर गेली माझी."

त्यानं चप्पल काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाला, "शाई कुठं हाय?" बायनाबाईनं अंगठा पुढं केला. त्याआधी तिनं सायलीला एकच गोष्ट मागितली होती: तो शब्द कसा दिसतो ते कोऱ्या कागदावर मोठा काढून दाखव.

आता सायलीच्या वेळापत्रकात चारचा चौकोन पांढरा आहे आणि त्यात ठळक शाईनं लिहिलेला तेवढा एक शब्द बायनाबाईला वाचता येतो. चार वाजता कॉलेजातून आलेली सायली आतल्या खोलीत गाढ झोपलेली असते. बायनाबाई उंबऱ्यावर बसते, भिवराबाईलाही खुणेनंच परत पाठवते. डालग्याखाली कोकरं निजलेली असतात.

आणि आत पान उलटतं.

"नीज, धने," बायनाबाई हळूच म्हणते. "म्या न्हाई हाक मारली."

थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग पुढचं पान उलटतं.